गर्दी कोणाची, खेळ कोणाचा?

(बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धानाचे पुंजणे रचून झाले आणि दिवाळी उलटली की वैनगंगेच्या या खोऱ्यात मंडईचे दिवस सुरू होतात. एका गावची मंडई आटोपते न आटोपते तोच शेजारच्या गावची लागते. दिवसा शंकरपट किंवा कबड्डीचे सामने, रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि त्याभोवती चहाभज्यांची, बांगड्यांची, खेळण्यांची दुकाने. तीच माणसे आषाढ-श्रावणात रोवणीसाठी बांधीच्या चिखलात दिवसदिवस वाकलेली असतात. त्या काळात कोणी कितीही नामांकित संघ आणून सामना भरविला तरी मैदानावर चिटपाखरू दिसणार नाही. माणसे तीच, हौसही तीच. फरक पडतो तो फुरसतीचा आणि हाती आलेल्या चार पैशांचा.

या साध्या गोष्टीत खेळाच्या अर्थशास्त्राचे मोठे सूत्र दडलेले आहे. मैदानावरची गर्दी आकाशातून पडत नाही. तिला तीन गोष्टी लागतात: कामातून मोकळा झालेला वेळ, पोट भरून थोडी उरणारी मजुरी आणि सर्वांना उभे राहता येईल अशी जागा. या तिन्ही गोष्टी कष्टकऱ्यांना कोणी दान म्हणून दिलेल्या नाहीत. त्या झगडून मिळवाव्या लागल्या. ही गोष्ट जगातल्या एका खेळाच्या इतिहासात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल. तो खेळ म्हणजे रग्बी लीग. महाराष्ट्राच्या मातीत त्याला जवळचे भावंड शोधायचे झाले, तर ते कबड्डीच होय.

रग्बी लीग हा लांबट चेंडूचा, तेरा-तेरा खेळाडूंचा खेळ. चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिपक्षाने अंगाला भिडून जमिनीवर पाडायचे, पडलेल्याने उठून चेंडू पायाने मागे सरकवायचा आणि पुन्हा झुंज सुरू करायची, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड होते तेव्हा प्रेक्षकांच्या छातीत जे धडधडते, तेच तेथेही धडधडते. दोन्ही खेळांना लागते ती ताकद, चपळाई आणि सोबत्यावरचा विश्वास. आणि दोन्ही खेळ वाढले ते गिरण्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात.

इंग्लंडात १८५० च्या कारखाने कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबू लागले. त्यामागे कामाच्या तासांविरुद्ध कित्येक वर्षे चाललेली चळवळ होती. शनिवारची दुपार मोकळी झाली आणि पुढच्या दोन पिढ्यांत यॉर्कशायर व लँकेशायर या गिरण्यांच्या आणि कोळसाखाणींच्या परगण्यांत मैदाने माणसांनी फुलून गेली. गर्दी येऊ लागली तसा प्रवेशशुल्काचा पैसाही जमू लागला. खेळणारे मात्र पुष्कळसे खाणीत व गिरणीत राबणारेच होते. दूरच्या सामन्याला जायचे तर कामावर खाडा पडे आणि मजुरी बुडे. ती बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती.

रग्बीची सूत्रे त्या काळी संपन्न घरांतल्या, खर्चिक शाळांत शिकलेल्या सद्गृहस्थांच्या हाती होती. खेळ निव्वळ हौसेने खेळावा, त्यात पैशाचा विटाळ नको, असे त्यांचे तत्त्वज्ञान होते. ज्याला पोटासाठी राबावे लागत नाही त्याला असे तत्त्वज्ञान सहज परवडते. १८९३ साली लंडनच्या सभेत बुडीत मजुरीच्या भरपाईचा ठराव फेटाळला गेला. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील वीसहून अधिक क्लबांनी एकत्र येऊन वेगळी संघटना स्थापन केली. दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्यास या संघटनेने मान्यता दिली. पुढे १९०६ साली खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आणून खेळ अधिक मोकळा व वेगवान करण्यात आला, आणि रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ आकारास आला. १९०८ साली सिडनीत या खेळाने मूळ धरले, त्यामागेही जायबंदी होऊन रोजगाराला मुकलेल्या खेळाडूला भरपाई न मिळाल्याचा संताप होता. मजुरीच्या प्रश्नातून जन्मलेला असा खेळ जगात विरळाच. १९४१ मध्ये फ्रान्सच्या विशी सरकारने त्यावर बंदी घालून त्याची मालमत्ता जप्त केली, याचेही मग फारसे आश्चर्य वाटत नाही.

आता मुंबईकडे वळावे. तेथील गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी नव्हती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रापुढे उभे राहणाऱ्या या माणसांची संघटना महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये उभारली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. ज्या मैदानावर घोड्यांच्या शर्यतींसाठी श्रीमंतांची गर्दी होई, तेथे कामगारांच्या गर्दीने आपला रविवार मिळविला, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. पुढे लालबाग-परळच्या गल्लीबोळांत आणि चाळींच्या चौकांत कबड्डीचे जे पीक आले, ते या रविवारच्या भूमीवर आले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराला हा खेळ मानवला, कारण त्याला बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही, बूट लागत नाहीत. आखलेली माती, सात गडी आणि छातीतला दम पुरतो. लाकडी फळ्यांच्या गॅलऱ्या, जमिनीवर मांडी घालून बसलेली पोरे, चाळीच्या गॅलरीतून वाकून पाहणारे शेजारी आणि चढाईगणिक उसळणारी आरोळी, असे त्या सामन्यांचे वातावरण असे.

विदर्भाचा वाटाही लहान नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जर्मनीत करून दाखविली. हिटलरने वंशश्रेष्ठत्वाच्या प्रदर्शनासाठी गोळा केलेल्या गर्दीपुढे पारतंत्र्यातील वऱ्हाडचे तरुण आपला मातीतला खेळ घेऊन उभे राहिले. त्यानंतर १९७४ मध्ये भारतीय संघ बांगलादेशात गेला, १९८० मध्ये कलकत्त्यात पहिली आशियाई स्पर्धा झाली, १९९० मध्ये पेकिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि २००४ मध्ये मुंबईतच विश्वचषक स्पर्धा भरली. या साऱ्यासाठी शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

तथापि या दोन खेळांच्या गर्दीत एक महत्त्वाचा भेद आहे. रग्बी लीगच्या गर्दीचे आकडे शंभर वर्षांहून अधिक काळ नोंदले गेले आहेत, कारण तेथे दारावर पैसे घेतले जात आणि पैशाचा हिशेब ठेवावाच लागतो. आपल्याकडे कबड्डी बहुधा उघड्यावर व विनातिकीट झाली. जिला दाम नाही तिची गणती नाही, हा बाजाराचा नियमच आहे. म्हणून गिरणगावच्या कबड्डीच्या गर्दीची नोंद माणसांच्या आठवणींत उरली. वहीत चढली नाही. घरात राबणाऱ्या स्त्रीचे श्रम जसे राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत, तसाच हा प्रकार होय.

जेथे गणती झाली तेथील आकडे मोठे बोलके आहेत. ६ जून १९३२ रोजी सिडनी क्रिकेट मैदानावर ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्यातील रग्बी लीग कसोटीस ७०,२०४ प्रेक्षक उपस्थित होते. ते जागतिक मंदीचे वर्ष होते. सिडनीत बेकारांच्या रांगा लागलेल्या होत्या. तरीही माणसे आली, कारण मंदीत माणसाला एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहण्याची गरज अधिकच भासते. ५ मे १९५४ रोजी लोकरीच्या गिरण्यांचे शहर असलेल्या ब्रॅडफर्डमधील ऑड्सल मैदानावर वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स या दोन औद्योगिक गावांचा अंतिम सामना पुन्हा खेळविला गेला, तेव्हा अधिकृत नोंद १,०२,५६९ इतकी झाली. हा काही आंतरराष्ट्रीय सामना नव्हता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये रग्बी लीगची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पॅरिसमधील ब्रिटन-फ्रान्स अंतिम सामन्याला ३०,३६८ प्रेक्षक आले. देशाच्या झेंड्यापेक्षा गावाच्या क्लबाने तिप्पट माणसे ओढली. राष्ट्रांची गर्दी ही गावांच्या गर्दीवर उभी राहते, हा क्रम उलटा करता येत नाही.

जेथे हा पाया ढासळला तेथे राष्ट्राचे नावही कामी आले नाही. १९७२ साली ल्यों येथे विश्वचषकाचा अंतिम सामना ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या दोन बलाढ्य संघांत झाला, त्याला जेमतेम सव्वाचार हजार माणसे होती. त्या शहराचा या खेळाशी विशेष घरोबा नव्हता आणि यजमान फ्रान्सही अंतिम फेरीत नव्हता. उलट १९९२ मध्ये वेम्ब्लीवर ७३,६३१ आणि २०१३ मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ७४,४६८ प्रेक्षकांनी अंतिम सामना पाहिला. मात्र आकड्याची पूजा करण्याचेही कारण नाही. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी मँचेस्टरमध्ये चाकाच्या खुर्चीवरील रग्बी लीगचा विश्वचषक इंग्लंडने फ्रान्सला हरवून जिंकला, तेव्हा उपस्थिती ४,५२६ होती. त्या खेळाच्या इतिहासातील तो उच्चांक ठरला. त्या स्पर्धेत पुरुष, स्त्रिया आणि अपंग खेळाडू यांना सहभागाचे मानधन समान देण्यात आले होते. ल्योंची चार हजारांची गर्दी अपयशाची निशाणी ठरली, मँचेस्टरची तेवढीच गर्दी अभिमानाची. आकडा जवळपास सारखा. अर्थ मात्र परस्परविरुद्ध. कोण आले आणि कोणासाठी आले, हे विचारल्यावाचून आकड्याला बोलते करता येत नाही.

आंतरराष्ट्रीय सामन्याच्या वातावरणाचा प्रश्नही असाच आहे. २०२२ पर्यंत झालेल्या सोळा विश्वचषकांपैकी बारा एकट्या ऑस्ट्रेलियाने जिंकले. निकाल आधीच ठाऊक असला की गर्दी पातळ होते. या एकतर्फी चित्रात २०१७ साली टोंगाने प्राण ओतले. टोंगा हे पॅसिफिक महासागरातील सुमारे एक लाख वस्तीचे बेटराष्ट्र. पोटासाठी न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात गेलेल्या या लोकांची मुले आजवर त्या संपन्न देशांकडून खेळत. त्या वर्षी काही नामवंत खेळाडूंनी मोठ्या देशांचे मानधन आणि प्रतिष्ठा बाजूस सारून आईबापांच्या बेटाकडून खेळणे पसंत केले. टोंगाने न्यूझीलंडला हरविले. ऑकलंडमधील उपांत्य सामन्याला ३०,००३ प्रेक्षक होते आणि मैदान लाल झेंड्यांनी व भक्तिगीतांनी भरून गेले होते. शेवटच्या काही मिनिटांत वीस गुणांची पिछाडी दोनवर आणून टोंगा इंग्लंडकडून १८-२० असा हरला; पण गर्दी गात राहिली. जे परक्या शहरात साफसफाई करतात, कारखान्यांत रात्रपाळी करतात, त्यांनी त्या दिवशी त्या शहराचे सर्वात मोठे मैदानी दृश्य निर्माण केले.

कबड्डीत भारताचे स्थान बरेचसे ऑस्ट्रेलियासारखे राहिले आहे. २००४ मध्ये मुंबई, २००७ मध्ये पनवेल आणि २०१६ मध्ये अहमदाबाद, अशा तिन्ही विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत भारताने इराणला हरविले. मग २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत इराणने भारताच्या पुरुषांना उपांत्य फेरीत आणि स्त्रियांना अंतिम सामन्यात पराभूत केले. स्त्रियांच्या सामन्याचा निकाल २७-२४ होता आणि विजयी इराणी मुलींच्या मार्गदर्शक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. वृत्तपत्रांत त्यावर हळहळ व्यक्त झाली. वस्तुतः महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशीच ती घटना होती. येथील विद्या परक्या देशातील मुलींच्या हाती गेली, खेळ खरोखर आंतरराष्ट्रीय झाला आणि भारत-इराण सामना पाहण्याजोगा झाला. बरोबरीचा प्रतिस्पर्धी लाभणे हे दुर्दैव नव्हे. गर्दी टिकण्याची ती पहिली अट आहे.

या खेळाच्या जीवनात २०१४ साली मोठा पालट झाला. व्यावसायिक कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झाली. मातीऐवजी मॅट आली, चढाईला तीस सेकंदांचे बंधन आले, झगमगाट आला. पहिल्याच हंगामात दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकांची संख्या ४३.५ कोटी सांगण्यात आली. गिरणगावातील ज्या गर्दीला कोणी मोजले नव्हते, तिच्या मुलानातवंडांची आता घरबसल्या मोजदाद होऊ लागली. कारण आता त्यांच्या डोळ्यांना जाहिरातीच्या बाजारात भाव आला.

या बदलाचा खरा अर्थ २०२१-२२ मध्ये उघड झाला. महासाथीमुळे त्या वर्षीचा संपूर्ण हंगाम बंगलोरच्या एका हॉटेलात, एकही प्रेक्षक न घेता खेळविला गेला. खेळाडूंच्या प्रकृतीसाठी ते योग्यच होते. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो एक प्रयोगच ठरला. २०२१ ते २०२५ या काळाचे प्रसारणहक्क ९०८ कोटींहून अधिक रकमेला विकले गेले होते आणि मैदानावर गर्दी शून्य असतानाही तो व्यवहार उभा राहिला. गर्दीवाचून खेळाचा बाजार चालू शकतो, हे सिद्ध झाले. प्रत्यक्ष प्रेक्षक परतले तेव्हा ते बऱ्याच अंशी दूरचित्रवाणीच्या चित्राची पार्श्वभूमी म्हणून परतले. ध्वनिवर्धकाने सांगावे तेव्हा ओरडायचे, छायायंत्र वळेल तेव्हा हात हलवायचे. चाळीच्या चौकातली आरोळी अशी सांगून उठत नसे.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. खेळात पैसा आला म्हणून नाक मुरडणे समाजवादी विचाराला शोभणारे नाही. ती तर १८९३ च्या लंडनच्या सद्गृहस्थांचीच भाषा झाली. पहिल्या लिलावात कबड्डीपटूची सर्वाधिक बोली १२.८० लाख रुपये होती. २०२५ च्या लिलावात ती २.२३ कोटींवर गेली. शेतमजुराच्या वा खाणकामगाराच्या मुलाला आपल्या अंगमेहनतीचे मोल मिळत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. दिवसाला सहा शिलिंगांसाठी जे भांडले त्यांचा तो वारसा आहे. प्रश्न वेगळाच आहे. खेळाडूला मोबदला देणारी व्यवस्था प्रेक्षकाला केवळ गिऱ्हाईक समजू लागली तर खेळावर त्याचा काही हक्क उरतो की नाही, हा तो प्रश्न होय.

हा हक्क गर्दीने संघटित होऊन बजावल्याचे दाखले आहेत. १९९५ च्या एप्रिलमध्ये एका बड्या प्रसारण कंपनीने इंग्लंडमधील रग्बी लीगला पाच वर्षांसाठी ८ कोटी ७० लक्ष पौंड देऊ केले. त्यासोबत हिवाळ्यातील खेळ उन्हाळ्यात न्यावा आणि शेजारशेजारच्या क्लबांचे विलीनीकरण करून नवे मोठे संघ बनवावेत, अशी योजना होती. कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टन या खाणगावांचे क्लब मोडून एकच क्लब करण्याचा घाट घातला गेला. त्या गावांच्या खाणी नुकत्याच बंद पाडल्या गेल्या होत्या. आता क्लबही जाणार म्हणताच लोक उठले. मैदानांवर निषेध झाले, सभा झाल्या आणि विलीनीकरण मागे घ्यावे लागले. सिडनीतही १९९९ च्या अखेरीस कामगारवस्तीतील साउथ सिडनी हा १९०८ पासूनचा क्लब स्पर्धेतून वगळण्यात आला. तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले, न्यायालयात झगडले आणि २००२ मध्ये तो क्लब पुन्हा मैदानात आला. गर्दी जेव्हा सभासदांची असते तेव्हा तिला असे करता येते; ती नुसत्या तिकीटधारकांची असली तर तिला फार तर तिकिटाचे पैसे परत मागता येतात.

गिरणगावाला हे साधले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी कायमची थंडावली. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी आणि तेवढाच परवडणाऱ्या घरांसाठी ठेवण्याची तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती आकुंचित केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. जेथे मैदाने होऊ शकली असती तेथे मनोरे उभे राहिले. कबड्डी दूरचित्रवाणीवर चमकू लागली त्याच काळात तिची जन्मभूमी मात्र इंचाइंचाने विकली गेली, ही विसंगती कोणत्याही प्रेक्षकसंख्येने झाकली जाणार नाही.

गर्दीविषयी आणखी एक समज जाणूनबुजून रुजविला जातो. गर्दी म्हणजे बेशिस्त, गर्दी म्हणजे धोका, असे सांगितले जाते. १५ एप्रिल १९८९ रोजी यॉर्कशायरमधील शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉल सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरी झाली. त्यात ९७ माणसे दगावली. दोष प्रेक्षकांच्या माथी मारण्यात आला. सत्तावीस वर्षांनी, २०१६ मध्ये, पंचांनी निर्णय दिला की प्रेक्षकांचा दोष नव्हता; व्यवस्थाच चुकली होती. २२ मार्च २०२१ रोजी तेलंगणातील सूर्यापेट येथे राष्ट्रीय कुमार कबड्डी स्पर्धेच्या वेळी प्रेक्षकांची गॅलरी कोसळून शंभरावर लोक जखमी झाले. ४ जून २०२५ रोजी बंगलोरच्या क्रिकेट मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत ११ जणांचे प्राण गेले. माणसे बोलवायची आणि त्यांच्या जिवाची तरतूद करायची नाही, यापरते गर्दीला तुच्छ लेखणे दुसरे कोणते असेल?

आणि या गर्दीतून अर्धा समाज बराच काळ वगळला गेला, हेही विसरता कामा नये. लोखंड्यांच्या १८९० च्या सभेत स्त्रिया बोलल्या. परंतु कबड्डीच्या गॅलरीत त्या क्वचितच दिसत. सामना पुरुषांचा, रविवारही पुरुषांचाच. स्त्रीच्या वाट्याला सुटीच्या दिवशीही चूल होतीच. इराणच्या मुलींनी २०१८ मध्ये सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्यांच्याच देशात पुरुषांचा फुटबॉल सामना पाहण्यास स्त्रियांना जवळजवळ संपूर्ण बंदी होती; २०१९ च्या ऑक्टोबरात तेहरानच्या आझादी मैदानाची दारे काही हजार स्त्रियांसाठी उघडली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय स्त्रियांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्या वेळी मैदान सुमारे चाळीस हजार प्रेक्षकांनी भरले होते आणि त्यात आईसोबत आलेल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. स्त्रियांचा खेळ कोणी पाहत नाही, हा युक्तिवाद त्या रात्री निकालात निघाला. दार उघडे असेल आणि येण्याची सोय असेल, तर गर्दी येते.

मग मध्य प्रदेशाच्या सीमेवरील या बपेऱ्यात या सगळ्याचा विचार कशासाठी? अशासाठी की येथेही प्रश्न त्याच तीन गोष्टींचा आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी आहेत, धानाची शेती आहे, राईस मिला आहेत. खाणीतील कायम कामगाराला आठवड्याची पगारी सुटी मिळते. कंत्राटी मजुराचा आणि शेतमजुराचा दिवस बुडाला की त्या दिवसाची भाकरही बुडते. दीडशे वर्षांपूर्वीच्या यॉर्कशायरच्या खाणकामगाराचा जो प्रश्न होता, तोच आज येथील कबड्डी खेळणाऱ्या मजूर पोराचा आहे. तालुक्याबाहेरच्या सामन्याला तो गेला तर त्याची बुडीत मजुरी कोण देणार? ग्रामपंचायतीला, तालुका संघटनेला आणि शासनाच्या क्रीडाखात्याला हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

दुसरा प्रश्न मैदानाचा. गावाचे खुले मैदान आणि गायरान सातबाऱ्यावर स्पष्टपणे सार्वजनिक म्हणून नोंदलेले आहे की नाही, हे प्रत्येक ग्रामसभेने पाहिले पाहिजे. अतिक्रमण झाल्यावर ओरडून उपयोग नसतो. गिरणगावचा धडा तोच आहे. तिसरा प्रश्न व्यवस्थेचा. मंडईतील सामन्यांसाठी बांधल्या जाणाऱ्या गॅलऱ्यांची तपासणी, येण्याजाण्याच्या रुंद वाटा, दिव्यांची सोय आणि स्त्रियांसाठी निर्वेध जागा यांना खर्च फार लागत नाही. माणसाची कदर लागते. शंकरपटावर २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये ती सशर्त उठली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्या अटी मुख्यतः बैलांना पीडा होऊ नये म्हणून घातल्या गेल्या आणि त्या रास्तच आहेत. धावपट्टीच्या कडेला दाटीने उभ्या राहणाऱ्या माणसांचीही तितकीच काळजी वाहिली पाहिजे.

चौथी गोष्ट धोरणाची. आंतरराष्ट्रीय कबड्डी सामने महानगरांतील वातानुकूलित सभागृहांतच का व्हावेत? २००७ मध्ये पनवेलला विश्वचषक होऊ शकला, तर भंडारा, गोंदिया किंवा गडचिरोलीत भारत-इराण वा भारत-बांगलादेश सामना होण्यास अडचण कोणती? प्रवेश मोफत अथवा नाममात्र ठेवावा, दिवस धानकापणीनंतरचा धरावा, आणि आलेल्या माणसांची नोंद ठेवावी. त्या नोंदीला जाहिरातीच्या बाजारात कदाचित भाव मिळणार नाही. परंतु या देशात खेळाचे खरे धनी कोण आहेत, याचा लेखी पुरावा निदान एकदा तरी तयार होईल.

कष्टकऱ्याला भाकरी हवी, हे आता सर्व पक्ष म्हणतात. भाकरीनंतरच्या दोन घटका, त्या घालविण्यासाठी आपल्या हक्काची जागा आणि तेथे ताठ मानेने, बिनधोक उभे राहण्याचा अधिकार, हेही त्याच्या मागण्यांत आले पाहिजे. १८९० साली महालक्ष्मीच्या मैदानावर जमलेल्यांनी तो मागितला होता. बपेऱ्यासारख्या गावांतून ती मागणी पुन्हा उठली पाहिजे आणि ती उठविण्याचे काम समाजवादी कार्यकर्त्यांनी येत्या मंडईच्या मोसमापासूनच हाती घ्यावे.